न वाजणारं जॅकेट

इशबेल मॅकरे दुकानाच्या फरशीवर पालथी पडली आणि कोपरांवर पुढे सरकायला लागली. गमबुटांच्या मांडणीपासून मासे पकडायच्या गळांच्या कपाटापर्यंत बारा फूट अंतर होतं. मधे एक बाई कुत्र्याचा पट्टा निवडत उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली आणि दुकानदाराकडे पाहिलं.

"चक्कर आली का त्यांना?"

"नाही, खरेदी करतायत," फार्कर म्हणाला.

इशबेल कपाटापाशी पोचली, क्षणभर तशीच पडून राहिली, मग उठून तिने गुडघे झटकले. "हेही नको. पोटावर चेन आहे. दगडाला घासली की खालच्या गावात ऐकू जाईल."

हे चौथं जॅकेट होतं. पहिलं नुसतं हात हलवला तरी चुरचुरत होतं. दुसऱ्याच्या खिशांना ती चिकटपट्टी होती, उघडताना खर्रर्र करणारी. तिसरं गप्प होतं, पण त्याच्या खांद्यांवर चमक होती, आणि चमक हरणाला समोरच्या डोंगरावरूनही दिसते. प्रत्येक जॅकेट इशबेल आधी कानाशी नेऊन चुरगाळत होती, बाहीवर बाही घासत होती, तेही डोळे मिटून. कपडा बघून घ्यायचा असतो हे तिला मान्य नव्हतं. तिच्या धंद्यात कपडा ऐकून घ्यायचा असतो.

"बायकांसाठीचं एक आलंय नवीन," फार्कर म्हणाला. "वजनाला अगदी हलकं. उन्हाळ्यात चालेल."

"दाखव."

त्याने दाखवलं. चेन जांभळी होती.

"हे कशाला? हरणाने बाई ओळखावी म्हणून?"

फार्करने ते मुकाट्याने परत टांगलं. डिंगवॉल गावात त्याचं हे दुकान तीस वर्षं होतं आणि शाळेत तो इशबेलच्या एक वर्ग मागे होता, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा नाही हे त्याला तेव्हापासूनच ठाऊक होतं.

इशबेलचं वय चौसष्ट. ग्लेन ऑर्नाच्या इस्टेटीवर तिने एकतीस वर्षं एकच काम केलं होतं. शिकारीला आलेल्या पाहुण्याला डोंगरावर न्यायचं, दुर्बिणीने नर हेरायचा, वारा तोंडावर घेत, ओढ्यातून, चिखलातून, शेवटी पोटावर सरपटत पाहुण्याला टप्प्यात आणून सोडायचं. डोंगरावर पाहुण्याला नावाने कुणी ओळखत नाही. त्याला 'बंदूक' म्हणतात. आज बंदूक कोण आहे, बंदुकीचे गुडघे बरे आहेत का, बंदुकीने डबा आणलाय का. खरी बंदूक मात्र शेवटच्या क्षणापर्यंत इशबेलच्याच खांद्यावर असायची.

इस्टेट दर दोन वर्षांनी आपल्या माणसांना ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा सूट शिवून द्यायची. रंग डोंगराचाच, सुकलेल्या गवताचा आणि ओल्या दगडाचा. लोकांना वाटायचं इशबेलचा त्या सूटवर जीव आहे. जीव वगैरे काही नव्हता. तो कायम पुरुषाच्या मापाने बेतलेला असायचा, खांद्यावर सैल आणि कमरेवर घट्ट. त्याचा एकच गुण होता, तो मुका होता. पण एकदा भिजला की मेंढी पाठीवर घेतल्यासारखा जड व्हायचा, आणि उन्हात अंगाची भट्टी करायचा. गेल्या ऑगस्टमध्ये डोंगरातल्या वाटीसारख्या वरच्या दरीत वारा पडलेला असताना इशबेल त्याच सूटमध्ये बेशुद्ध पडली. बरोबर घोडीवाला टॉर्किल होता, पडलेलं हरीण घोडीवर लादून खाली आणणारा. त्याने तिच्या मानेवर ओढ्याचं पाणी मारलं आणि पाहुण्याला दटावलं, "बाई दुर्बीण लावून पडल्यात. आवाज करू नका." पाहुणा बिचारा पाव तास श्वास रोखून बसला होता. ही गोष्ट टॉर्किलच्या पोटात वर्षभर राहिली, हेच मोठं नवल. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं: अंगावरचं ओझं उतरवा, नाहीतर डोंगर सोडा.

तेव्हा हलकं जॅकेट तिला हवंच होतं. नवा मॅनेजर पिअर्स हॅलिवेल म्हणतो ते मात्र नको होतं.

हॅलिवेलला येऊन दोन वर्षं झाली होती. सूट शिवणारा म्हातारा शिंपी वारल्यावर त्याने सगळ्यांसाठी एकाच छापाची हलकी जॅकेटं मागवली. कापड प्लास्टिकचं, त्यावर ट्वीडच्या चौकड्या छापलेल्या, छातीवर चंदेरी दोऱ्याने उडी मारणारं हरीण. टॉर्किलने पहिल्या दिवशी ते घातलं आणि तबेल्यात पाय टाकला, तर त्याची घोडी मागच्या मागे सरकत भिंतीला टेकली. "मी तिला विचारलं, साहेब," टॉर्किलने कळवलं, "ती नाही म्हणते." त्यानंतर तो ते कमरेला बांधून हिंडायचा. घालायचं म्हणून हुकूम होता, कुठे ते लिहिलेलं नव्हतं.

इशबेलने ते घातलंही नाही आणि बांधलंही नाही. घडी घालून हॅलिवेलच्या टेबलावर परत ठेवलं. तेव्हा त्याने सांगितलं, सोमवारपासून ज्याच्या अंगावर हे जॅकेट नसेल त्याने डोंगरावर जायचं नाही, लार्डरमध्ये बसायचं. लार्डर म्हणजे मारलेली हरणं सोलून टांगायची खोली, पांढऱ्या फरशांची, बर्फासारखी थंड.

आज शनिवार होता.

इशबेलने आणखी एक जॅकेट कानाशी नेलं, डोळे मिटले आणि बाही चोळली. त्यातही कुठेतरी कागद दडल्यासारखा आवाज होता. तिने डोळे उघडले, तर नाकासमोर चहाचा कप.

"तू कधी आलास?" तिने विचारलं.

"आत्ता."

"कुठून?"

"मागच्या खोलीतून. आणि कुठून येणार?"

इशबेलने कप घेतला नाही. ती फार्करच्या अंगाकडे बघत राहिली. त्याच्या अंगात एक विटकं, पातळ सुती जॅकेट होतं. मूळचा रंग काय होता हे आता कुणी सांगू शकलं नसतं.

"परत जा," ती म्हणाली, "आणि परत ये."

"चहा निवेल गं."

"निवू दे."

तिने पाठ केली. फार्कर मागच्या खोलीत गेला आणि परत आला. तिला बुटांचा आवाज आला, कपातला चमचा किणकिणला, त्याचा श्वासही ऐकू आला. जॅकेटचं काही ऐकू आलं नाही.

"काढ ते."

"हे विकायचं नाही. माझं आहे."

"म्हणून तर म्हणते. तुला दुसरं घेता येईल. दुकान तुझंच आहे."

"इशबेल, पंधरा वर्षं घालतोय मी हे. याचं कापड विणणारी गिरणीसुद्धा बंद पडली. आणि नवं होतं तेव्हा हेही वाजायचं बरं का. धुऊन धुऊन गप्प बसलंय."

"लग्नाला किती वर्षं झाली रे तुझ्या?"

"चौतीस."

"मग बरोबर आहे."

फार्कर हसला, पण जॅकेटची बटणं काही त्याने सोडली नाहीत. कप गल्ल्यावर ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. लार्डर सावलीत आहे. बसून काम, पगार तोच. आपल्या वयाची माणसं खुर्ची शोधतात. तू कशाला हट्टाला पेटलीस?"

"रागावले," इशबेल म्हणाली. "आता ऐक. लार्डरमध्ये हरीण मेलेलं असतं. मी एकतीस वर्षं डोंगरावर गेले ती मारायला गेले असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. गोळी कधीच माझी नव्हती. माझं काम गोळीच्या आधी संपायचं. तेवढंच मला येतं आणि तेवढंच मला हवंय. ते कुणी माझ्याकडून एका चुरचुरत्या कापडासाठी काढून घेणार असेल, तर मी हे दुकान पालथं घालीन, तुझ्यासकट."

फार्करने बटणं सोडली. खाली शर्टाचं एक बटण नव्हतं, ते त्याने हाताने झाकलं. जॅकेट तिला खांद्यावर थोडं सैल होत होतं, ट्वीडसारखंच. ती पुन्हा पालथी पडली आणि बारा फूट सरपटत गेली. कुत्र्याच्या पट्ट्यावाली बाई या वेळी आपणहून बाजूला झाली.

"थकलीस की आणून दे," फार्कर म्हणाला.

"मग ते गेलंच म्हणून समज."

सोमवारी सकाळी इस्टेटीच्या अंगणात हॅलिवेल उभा होता, स्वतःच्या जॅकेटात, गळ्यापर्यंत चेन ओढून. शेजारी आजची बंदूक होती, हॉलंडहून आलेल्या ब्राउवरबाई. आयुष्यभर गुरांच्या डॉक्टर, आता निवृत्त. टॉर्किल घोडीला खोगीर घालत होता.

हॅलिवेल माणूस वाईट नव्हता. मालक लंडनला, त्यांना इस्टेटीचे फोटो लागायचे, आणि फोटोत सगळे एकसारखे दिसायला हवे होते. नाही दिसले तर बोलणी याला खावी लागत. शिवाय त्याच्या कानावर गेल्या ऑगस्टची कुजबुज कुठूनतरी आली असावी, कारण त्याची नजर इशबेलच्या कपड्यांआधी तिच्या चेहऱ्यावर गेली.

"हे आपलं जॅकेट नाही, इशबेल."

"नाही. हे माझं आहे."

"तुम्हाला हलकं हवं होतं ना? आमचंही हलकंच आहे."

"वजनाला हलकं आहे, साहेब. कानाला जड आहे."

टॉर्किल घोडीच्या पोटाआड खोकला. हॅलिवेलला पाहुण्यासमोर माघार घ्यायची नव्हती आणि भांडायचंही नव्हतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "आज मी तुमच्याबरोबर येतो. संध्याकाळी हरीण घोडीवर असेल तर हे जॅकेट तुमच्या अंगावर राहील. नसेल, तर उद्यापासून लार्डर. कबूल?"

"कबूल," इशबेल म्हणाली.

चार तास ते चढत होते. पातळ सुती जॅकेटातून वारा आरपार जात होता आणि इशबेलचा श्वास कित्येक वर्षांत इतका मोकळा चालला नव्हता. दर वळणावर ती कापूसगवताचा तुरा खुडून हवेत सोडायची आणि तो कुठे जातो बघायची. वरच्या दरीच्या काठावर ती उताणी पडली, गुडघ्यावर दुर्बीण टेकवली आणि दरी तुकड्या-तुकड्याने धुंडाळली.

"आहे," ती शेवटी म्हणाली. "एकटाच. बसलाय. शिंगांवरची मखमली कातडी झडतेय, चिंध्या लोंबतायत."

तिथून टॉर्किल घोडीपाशी थांबला आणि बाकीचे तिघे पुढे निघाले. शेवटच्या दगडापाशी इशबेल वळली. "साहेब, तुम्ही इथंच थांबा. इथून पुढे दोघींचंच काम."

"मला बघायचंय," हॅलिवेल म्हणाला. "हळू येईन."

तो खरोखरच हळू आला. इशबेल पुढे, मागे ब्राउवरबाई, त्यांच्या मागे तो. इशबेलला त्याचं प्रत्येक कोपर ऐकू येत होतं. वाऱ्यात ते दबत होतं, म्हणून ती गप्प राहिली. दीडशे पावलांवर नर दिसला, पाठीचा तांबूस कणा आणि वर चिंध्या लोंबणारी शिंगं. इशबेलने बंदूक खोळीतून काढून ब्राउवरबाईंच्या हाताशी सरकवली आणि बोटाने खूण केली, तो उठेपर्यंत थांबा.

तेवढ्यात वारा पडला.

वारा पडला की चिलटं उठतात, हे ग्लेन ऑर्नात तान्ह्या मुलालाही माहीत असतं. गवतातून त्यांचा ढग वर आला आणि तिघांच्या कानांत, पापण्यांत, केसांत शिरला. इशबेल हलली नाही. ब्राउवरबाईंनी डोळे मिटले, पण त्याही हलल्या नाहीत. गोठ्यातल्या माश्यांत जन्म काढलेल्या बाई त्या. हॅलिवेलने तग धरला. इशबेलने मनातल्या मनात सत्तरपर्यंत मोजलं, तोवर त्याने तग धरला होता. मग त्याचा हात मानेवर गेला आणि त्याने जॅकेटची मागची टोपी डोक्यावर ओढली. त्या शांत दरीत ती टोपी कापड फाडल्यासारखी वाजली.

नर उठला तो थेट पळतच. ब्राउवरबाईंनी बंदुकीला हातही लावला नाही. काठावरून शिंगं एकदा दिसली आणि दिसेनाशी झाली.

हॅलिवेलची मान लाल झाली होती, ती काही फक्त चिलटांनी नव्हे.

"दोष जॅकेटचा होता," ब्राउवरबाई म्हणाल्या. "इतकं साधं आहे."

"मी कंपनीकडे तक्रार करीन," हॅलिवेल म्हणाला. मग खाली बघत तो पुढे म्हणाला, "पण ठरलं ते ठरलं. हरीण घोडीवर नाही. मी आज शब्द फिरवला तर उद्या माझं कोण ऐकेल?"

खाली घोडीची पाठ मोकळी बघूनच टॉर्किल काय ते समजला. कुणाची टोपी वाजली हे ब्राउवरबाईंनी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने कमरेचं जॅकेट सोडून चिखलात टाकलं आणि हॅलिवेलला काहीतरी सुनावणारच होता. इशबेलने त्याच्या दंडाला धरलं.

"शब्द मीही दिला होता," ती म्हणाली. तिने खांद्यावरची बंदूक उतरवली, बंदुकीच्या कपाटाची किल्ली काढली आणि दोन्ही हॅलिवेलच्या हातात दिल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने बंदूक परतीच्या वाटेवर दुसऱ्या कुणाला दिली होती, आणि खांदा एकदम उघडा पडल्यासारखा वाटला. रडू येईल असं तिला वाटलं. म्हणून ती जरा मोठ्यानेच बोलली.

"पण तुम्ही काय जिंकलात ते नीट बघून घ्या, साहेब. बंदूक तुमची. लार्डर तुमचं. आठ ते पाच मी तुमची. डोंगर काही तुमच्या बापाचा नाही, आणि तुमच्या मालकाच्याही बापाचा नाही. या देशात डोंगरावर पायी चालायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, तसा कायदाच आहे."

"चालायला कोण नको म्हणतंय? पण हंगामात हरणं उठवायची नाहीत, इशबेल."

"उठवीन तेव्हा बोला."

मंगळवार ते शनिवार ती लार्डरमध्ये होती. रबरी एप्रन, पाण्याची नळी, सुऱ्यांची धार. काम तिला येत होतं आणि तिने ते चोख केलं. तिच्या जागी दुसरा माणूस पाहुण्यांना नेत होता. त्याने आठवडाभरात दोन नर आणले आणि ती त्यांचे खूर, दात, शिंगं बघून नोंद करत होती. सोमवारचा तो नर त्यांत नव्हता. प्रत्येक वेळी आधी तेवढंच बघायची ती.

रविवारी ग्लेन ऑर्नात गोळी सुटत नाही. कायदा असो नसो, पिढ्यान्‌पिढ्या सुटलेली नाही. इशबेलची आई तर रविवारी दोरीवर कपडेही वाळत घालायची नाही. त्यामुळे एकतीस वर्षांत इशबेल आठवड्याचे सहा दिवस डोंगरावर गेली होती आणि सातव्या दिवशी चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसली होती. या रविवारी ती विटकं जॅकेट घालून चर्चच्या फाटकावरून पुढे निघाली. काळ्या कोटात टॉर्किल फाटकाशी उभा होता.

"आत विचारलं तर काय सांगू?"

"सांग, आज वरून ऐकतेय."

"आणि हॅलिवेलने विचारलं तर?"

"त्याला सांग, हरणांना विचार."

टॉर्किल हसला नाही. त्याने टोपी काढली, चर्चमध्ये शिरण्याआधी काढतात तशी, आणि ती पुलापलीकडे जाईपर्यंत डोक्यावर ठेवली नाही.

वरच्या दरीत पोचायला तिला साडेचार तास लागले. दोनदा ती ओढ्यापाशी बसली आणि मनगटं पाण्यात धरून छातीची धडधड कमी व्हायची वाट बघितली. खांद्यावर काही नव्हतं. काठावरून तिने दुर्बीण लावली. सोमवारचा नर परत आला होता, त्याच हिरव्या तुकड्यावर, मखमलीच्या चिंध्या आता जवळजवळ गेलेल्या. तिने कापूसगवताचा तुरा सोडला. तुरा तिच्या मागे उडाला, वारा तोंडावरच होता.

ती पालथी पडली. दीडशे पावलांवर तिचं काम आजवर संपत आलं होतं. तिथे ती थांबली, सवयीने मागे हात नेला, आणि मागे कुणी नव्हतं. मग ती पुढे निघाली. शंभर पावलं. पाणी कोपरांतून आत येत होतं, थंड आणि मातकट. पन्नास. त्यापुढे तिने मोजायचं सोडलं. वीतभर उंचीच्या झुडपाआड ती थांबली तेव्हा त्याच्या अंगाचा वास येत होता, आणि त्याचे दात ऐकू येत होते, गवत उपटून हळूहळू चावणारे. एवढ्या जवळ ती जन्मात कधी आली नव्हती. कुणी आणलंच नव्हतं तिला. तीच कायम दुसऱ्यांना आणत होती.

वारा पडला आणि चिलटं उठली. तिच्या कानांत, पापण्यांत, मानेवर. ती सत्तरपर्यंत मोजत बसली नाही. तिने उजवा हात सावकाश उचलला, कोपरात दुमडला, बाही कानाजवळून नेली आणि मान खाजवली. नंतर दुसऱ्या हाताने दुसरी बाजू.

नराने तिच्या दिशेने कान केला. थोडा वेळ तो कान तसाच राहिला. मग कान सैल सोडून त्याने पुन्हा खाली तोंड घातलं.

सोमवारी आठला लार्डर उघडायचं होतं. इशबेलने हनुवटी बाहीवर टेकली आणि ऐकत पडून राहिली.